गयाआत्याचा पुतळा

माझ्या शेडात माती संपते, किस्से मात्र संपत नाहीत. नळदुर्गला हायवेला लागून हे पत्र्याचं शेड आहे, तिथं मी पुतळे करते. मोबाईलनं माणसाचा चेहरा स्कॅन करायचा, मुठीएवढा नमुना मशीनवर प्रिंट करायचा, आणि तो समोर ठेवून हातानं मातीत मोठा घडवायचा. एवढंच काम. पण त्यापायी जे ऐकून घ्यावं लागतं, ते तुम्ही ऐकाल तर तुमचंही डोकं फिरेल!

*

एक ढाबेवाले स्वतःचा पुतळा करून घ्यायला आले. स्क्रीनवर आपला चेहरा बघितला आणि सुरूच झाले, "ताई, नाक जरा बारीक करा. टक्कल झाका. हनुवटीखाली ते लोंबायलंय, तेवढं काढा."

"अहो, मग तुमचं काय राहिलं त्यात?"

त्यांनी स्क्रीनवरचा चेहरा पुन्हा एकदा निरखला.

"मिशी ऱ्हाऊ द्या!"

*

एक रिटायर गुरुजी शेड बघायला आले. मी कोपरापर्यंत मातीत, मान आखडलेली. गुरुजी आपले प्रिंटरकडंच बघत उभे. "मशीन लई हुशार आहे हो!"

"गुरुजी, मशीननं ते लिंबाएवढं केलंय. हे पोत्याएवढं मी केलंय!"

"व्हय व्हय," म्हणाले, आणि जाताना मशीनला हात जोडले.

*

पुण्याहून एक कलेतल्या जाणकार बाई आल्या होत्या. "तुमची ओळख ग्रामीण आहे. त्यात हे डिजिटल उपरं वाटतं. त्यापेक्षा छान बैलजोडी करा ना!"

आमच्या घरात बैल कधी नव्हतेच, मेंढरं होती. आणि मेंढरांचा भाव माझे वडील मोबाईलवर बघतात. मी कोण, हे मला सांगायला या पुण्याहून गाडी करून आल्या! तेव्हा राग आला होता, अजूनही येतो.

*

त्या रागातच ठरवलं, गयाआत्याचा पुतळा करायचा. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. जन्मभर मेंढरांमागं हिंडली. गावात तिला नावानं कुणीच ओळखत नाही. आधी अमक्याची बायको, मग तमक्याची आई. मला तिचा चेहरा जसाच्या तसा पाहिजे होता, आणि खाली तिचं स्वतःचं नाव. तिच्या डोळ्यांदेखत.

स्कॅन करताना माणसानं स्थिर बसायचं, मी भोवती फिरते. आत्या बसल्या जागी माझ्याबरोबर फिरायला लागली. मी डावीकडं, तीही डावीकडं. फाईल उघडून बघते तर डोक्याला चारी बाजूंनी नाकं!

"आत्या, हलू नका म्हणलं होतं ना?"

"अगं, तू बोलायलीस अन् म्या तुला पाठ दावू व्हय?"

*

पुतळा एकदाचा झाला आणि लोहाऱ्यात प्रदर्शन ठरलं. संयोजकांनी मला न विचारताच पाटी लावली, 'ग्रामीण स्त्री'. मी भडकले. "पुढाऱ्यांच्या पुतळ्याला नाव असतं, मग हिला का नाही?"

"ताई, हिला कोण ओळखतंय?"

"म्हणूनच लावायचंय!"

भांडले, पाटी उतरवली आणि 'गयाबाई' लावून घेतली.

उद्घाटनाला आत्या नवं लुगडं नेसून आली आणि मागच्या रांगेत बसली. प्रमुख पाहुणे उशिरा, घाईत आले. आमच्याकडं पुतळा दिसला की हात हाराकडंच जातो. कुणी काही सांगायच्या आत त्यांनी पुतळ्याला हार घातला, डोळे मिटले आणि माईक घेतला, "गयाबाई आज आपल्यात नाहीत. लई मोठ्या मनाची बाई! त्यांचे उपकार हा तालुका..."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. जिवंत बाईला एकदा नाव मिळालं, तेही हे असं! मी उठणार, तेवढ्यात आत्याच उठली. काठी टेकत पुढं गेली. पुतळ्याच्या गळ्यातला हार काढून स्वतःच्या गळ्यात घातला, आणि पाहुण्यांसमोर खुर्ची ओढून बसली.

"हं, बोला सायेब. म्या ऐकायली."