‘या पत्त्यावर राहत नाही’

सावद्याला भरलेला केळीचा थंड कंटेनर मी बंदरात पोहोचवतो. बंदराच्या फाटकातून आत जाण्यासाठी प्रवेशपत्र लागते. वाहन चालवण्याचा परवाना कितीही पक्का असला, तरी फाटकावरच्या यंत्राने ते कार्ड स्वीकारले नाही तर चालक बाहेर आणि माल त्याच्यासह बाहेर. माझ्या कार्डाची मुदत संपत आली होती. नव्या कार्डासाठी पोलिसांचा चारित्र्याचा दाखला हवा होता. मालकाने आधीच बजावले होते : कार्ड वेळेत आले नाही तर गाडीवर दुसरा चालक बसेल. माझ्या वयाचा माणूस एकदा गाडीवरून उतरला की त्याला पुन्हा कोणी चढवत नाही.

मी अर्ज केला. हवालदार चौकशीला माझ्या गावी, असोद्यात आला तेव्हा मी रस्त्यावर होतो. त्याने चौकातल्या चहाच्या टपरीवर माझे कागदावरचे नाव विचारले. आमच्याकडे माणूस आधी भाऊ असतो, पुढे आबा होतो. कागदावरचे नाव बँकेपुरते उरते. त्यात विचारणारा खाकीतला. अशा वेळी गाव आधी ‘नाही’ म्हणते, विचार नंतर करते. हवालदाराने शेरा मारला : या पत्त्यावर राहत नाही. अर्ज फेटाळला गेला.

मालकाकडे उपाय तयार होता. “आबा, बंदराजवळ आपला एजंट आहे. तिथल्या खोलीचा भाडेकरार करतो, दाखला तिकडूनच निघतो. सगळे असंच करतात.”

“मी त्या खोलीत राहत नाही.”

“कागदावर राहायचं हो फक्त!”

“राहतो तिथे कागदावर नाही, आणि नाही राहत तिथे कागदावर राहू?”

“मग बसा घरी. तसंही वय झालंय तुमचं.”

“वय माझं आहे. ते मी पाहीन.”

मी जळगावला पोलीस ठाण्यात गेलो. कारकून म्हणाला, अहवाल वर गेला, आता काही होत नाही. मी म्हणालो, ज्याने चौकशी केली त्याला पुन्हा पाठवा. तो हसला. मी बाकावर बसलो. संध्याकाळी घरी गेलो, सकाळी परत आलो. पुढेही तसेच केले. कोणाला नमस्कार केला नाही, चहा पाजला नाही. अखेर साहेबांनी आत बोलावले.

“बाबा, असं किती दिवस येऊन बसणार?”

“आपल्याच खात्याने लिहिलं आहे, मी गावात राहत नाही. मग राहू कुठे? इथेच बसतो.”

साहेबांनी कागद पुन्हा वाचला. दुपारी तोच हवालदार माझ्यासोबत असोद्याला निघाला. वाटेत मी त्याला एवढेच सांगितले, की त्याच टपरीवर, त्याच माणसांना, तेच नाव विचारा.

मी शेजारी उभा असताना त्याने विचारले. टपरीवाला माझ्याकडे न पाहता म्हणाला, “सायेब, मांगंबी सांगतलं, या नावाचा कोनी नही आपल्या गावात.”

“तो मी आहे,” मी म्हणालो.

बाकावरचे सगळे उठून उभे राहिले. टपरीवाल्याने कपाळावर हात मारला. “आबा, तुमी व्हय! आमी समजलो कोन्या चोराले शोधू ऱ्हायले.”

“यांचं वागणं कसं आहे?” हवालदाराने वही काढली.

“खडूस हाये. पन मानूस सरळ हाये.”

“खडूस लिहू का?”

“लिहा,” मी म्हणालो. “खोटं तेवढं लिहू नका.”

टपरीवाल्याने आणि बाकावरच्या एकाने जबाबाखाली सह्या केल्या. दाखला निघाला. बंदरावर जाऊन मी बोटांचे ठसे दिले, फोटो दिला, आणि कार्ड हाती पडताच रात्रीच्या बसने परतलो.

सावद्याला पोहोचलो तेव्हा माझी गाडी भरून उभी होती. नवा चालक वर बसला होता. मालकाने कार्ड उलटसुलट करून पाहिले.

“आबा, एवढी फेरी याला जाऊ द्या. पुढची तुमची.”

“जुन्या कार्डाची मुदत आज संपते. आज मी आलो आहे.”

मालकाने कार्ड मला परत दिले. मग त्याने वर पाहून मान हलवली. चालक खाली उतरला, किल्ली माझ्याकडे दिली. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. मी त्याला तसे म्हणालो नाही. कंटेनरचे तापमान तपासले, आरसा माझ्या बाजूला वळवला आणि गाडी गोदामाच्या फाटकाबाहेर काढली.