चुका वजा जाता

कचेरीतली टंकलेखनाची परीक्षा मोठी कडक. घड्याळ लावायचं, कळांवरचे ठोके मोजायचे, पाच ठोक्यांचा एक शब्द धरायचा आणि चुका वजा करायच्या. एकच चूक दहादा केली तर दहा चुका. तिथे रडगाणं कोणी ऐकत नाही.

परीक्षेला बसलेल्या बाईचा नवरा याच कचेरीत टंकलेखक. तो अचानक गेला आणि त्याच्या जागी बायकोला घ्यायचं ठरलं, पण परीक्षा पास झाली तर. घरात आता सासू आणि सून दोघीच, दुसरी मिळकत नाही. टायपिंग तिला नवऱ्यानंच शिकवलेलं, घरच्या जुन्या टाइपरायटरवर, मोठ्या हौसेनं. तिची बोटं अशी चालायची की सासू म्हणायची, तोंडानं मुकी आहे, सगळी बडबड हातात उतरलीय.

परीक्षेतला उतारा एका दिवंगत शिक्षकांवर होता. बाईनं तो सपासप उतरवला. वेग हवा त्याहून जास्त भरला, तरी ती नापास. परीक्षक म्हणजे नवऱ्याचेच जुने साहेब. त्यांनी कागद तिच्यापुढे सरकवला. उताऱ्यात जिथे जिथे 'होते', तिथे तिथे तिनं 'आहेत' टाइप केलं होतं. शिक्षक प्रेमळ आहेत. शिक्षक वक्तशीर आहेत. साहेबांना गलबलून आलं, पण नियम तो नियम. पुढच्या महिन्यात शेवटची संधी आहे, एवढंच ते म्हणाले.

तिनं घरी येऊन सासूला सगळं सांगितलं. म्हातारी खमकी. पण मुलगा गेल्यापासून तिच्याही तोंडून 'होता' निघाला नव्हता. त्याला चहात साखर कमी लागते, असंच ती शेजारणीला सांगायची. तिनं हातातलं काम बाजूला ठेवलं. मग टाइपरायटरशेजारी खुर्ची ओढून बसली.

"मी सांगते, तू टाइप कर. माझा मुलगा हसरा..." तिनं घसा खाकरला. "होता."

सुनेची बोटं थबकली. "आई, दुसरं काहीतरी सांगा ना."

"दुसऱ्या कशानं तुझी बोटं वळणावर यायची नाहीत. घे पुढचं. त्याला चहात साखर कमी लागायची."

रोज दुपारी हेच चाललं. सुरुवातीला 'आहे' उमटायचं, खोडायचं, पुन्हा तेच वाक्य. परीक्षेच्या आदल्या दिवशी सासूनं अख्खं पान सांगितलं आणि विचारलं, "किती चुका?"

सुनेनं दोनदा वाचून पाहिलं. "एकही नाही, आई."

"म्हणजे गेला गं तो," म्हातारी म्हणाली, आणि सुनेच्या खांद्यावर डोकं टेकून रडू लागली.