गोळी न घेणारा माणूस

आमचे मामा सोफे दुरुस्त करतात. दिवसभर ओठांत खिळे धरून वाकायचं आणि एकेक ठोकायचा. तोंडात खिळे असतील तेवढाच वेळ ते गप्प. एरवी आपलं तेच खरं.

त्यांच्या हृदयाचे ठोके बिघडले तेव्हा डॉक्टरांनी रक्त पातळ ठेवायची गोळी दिली. मामा ती रोज तोंडात टाकायचे आणि मामीची पाठ वळली की मोरीत थुंकायचे. वर मला डोळा मारून सांगायचे, "रक्त माझं आहे, त्याला मी बघतो." पण रक्ताचा रिपोर्ट दरवेळी झकास! डॉक्टर शाबासकी द्यायचे आणि मामांच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. मला या माणसाचा हेवा वाटायचा, आणि रागही यायचा.

पुढे कंबर धरली. वाकले की उठताच येईना. मणक्यात इंजेक्शन द्यायचं ठरलं. डॉक्टरांनी बजावलं, आधीचे पाच दिवस गोळी बंद. मामा गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "बंद म्हणजे बंद." घरी मामीला त्यांनी अवाक्षरही सांगितलं नाही. कशाला सांगतील? त्यांच्या लेखी ती कधी सुरूच नव्हती.

इंजेक्शनच्या दिवशी मामा आत पालथे झोपले. बाहेर नर्सने आम्हाला विचारलं, "गोळी बंद होती ना? नाहीतर सुई टोचल्यावर मणक्यात रक्त साचतं, नसा दाबल्या जातात. पाय कायमचे जाऊ शकतात."

"बंद?" मी फुशारकीने म्हणालो. "ते गोळी घेतच नाहीत!"

मामीचा चेहरा पांढराफटक पडला. "घेतात. थुंकतात ते मला ठाऊक आहे. म्हणून मीच दुसरी कुटून चहात घालते. आज सकाळीही घातली."

एवढं बोलून ती दार ढकलून आत धावलीच. डॉक्टरांच्या हातात सुई होती.

"थांबा! गोळी चालू आहे!"

"कोणाची?" मामा उशीतून ओरडले.

मामीने सगळं सांगितलं. डॉक्टरांनी सुई खाली ठेवली, कपाळावरचा घाम पुसला आणि इंजेक्शन पुढे ढकललं. मामी मात्र हुंदके देऊ लागली, "माझ्याच हाताने तुमचे पाय घालवले असते हो!"

मामांनी पालथ्यानेच चाचपडत तिचा हात धरला.

"रडू नकोस," ते म्हणाले. "चहा कडू लागतो म्हणून मी रोज दूधवाल्याला झापतोय. मला जगवलंस तू, आणि शिव्या खाल्ल्या त्या बिचाऱ्याने."