काकूंना हवा असलेला शेवट

चार मराठी माणसं दर शनिवारी एकाच बेसमेंटमध्ये बसली, की किस्से आपोआप साचतात. आमचे अमेरिकेतल्या नोव्हाय गावचे तर नको तेवढे साचले! पाहायचं काय, तर एका जुन्या फ्रेंच नटाचे सगळे सिनेमे. भक्त एकच, परांजपे काका. पुण्याला कॉलेजात असताना लागलेलं वेड. नियमही त्यांचाच: पहिल्यापासून, क्रमाने, एकही न वगळता.

पहिल्या शनिवारी वीसेक जण आले. परांजपे काकूंची मिसळ चापली, सबटायटल्स दिसली, आणि "बेबीसिटर वाट बघतेय" म्हणत बहुतेक पळाले. काका, काकू, त्यांची नेहा आणि मी उरलो.

*

हा नट प्रत्येक सिनेमात मरायचा. गोळी लागून, विष घेऊन, एकदा तर स्वतःच्या लग्नात! काकू विणकाम खाली ठेवायच्या. "गेला बाई परत! अरे, एकदा तरी जगू द्या की त्याला!"

*

एक डिस्क काकांनी थेट पॅरिसहून मागवली. इथल्या प्लेयरवर ती लागेचना. युरोपची डिस्क अमेरिकेत चालत नाही म्हणे! मग पुढचा सिनेमा बघावा? छे! दुसरा प्लेयर येईपर्यंत तीन शनिवार आम्ही नुसता चहा पीत बसलो.

*

एका शुक्रवारी कार कंपनीने काकांना ले-ऑफ दिला. सव्वीस वर्षांनी! शनिवारी पडद्यावर नेमका तो नट मालकाच्या तोंडावर टोपी फेकून नोकरी सोडत होता. काकांनी पॉज केलं.

"मला सिक्युरिटीवाल्याने बाहेरचं दार उघडून दिलं. मी त्याला थँक यू म्हणालो, यार."

मग त्यांनीच परत प्ले दाबलं.

*

मग काकूंचा कॅन्सर. अठरा सिनेमे बाकी, डॉक्टर म्हणाले दोन महिने. काकूंचं मागणं एकच: "शेवटच्या सिनेमात तरी तो जगतो का, तेवढं दाखवा."

मी डिस्क घेऊन गेलो. काकांनी ती हातातून काढून घेतली. "क्रमाने!"

"बाबा, शी इज डाइंग! जस्ट प्ले इट!" नेहा रडत ओरडली.

काका ढिम्म. इतका संताप आला, की असला हट्टी माणूस जन्मात पाहिला नाही, हे मी त्यांना तोंडावर सुनावलं. काकू रोज विचारायच्या. काका रोज म्हणायचे, "जगतो गं. शेवटी जगतो." तेवढ्यावरच काकू गेल्या.

*

तेराव्यानंतरच्या शनिवारी मी कोणालाही न विचारता शेवटचा सिनेमा लावला. नट पिकल्या केसांनी बागेत शेंगा सोलत बसला होता. नेहाने माझा हात घट्ट धरला. शेवटच्या पाच मिनिटांत त्याने खुर्चीतच मान टाकली.

आम्ही काकांकडे पाहिलं. ते चहाचे कप गोळा करत होते.

"हा मी लग्नाआधीच पाहिला होता," ते म्हणाले.