पाच रेघांशी भांडण

माझे दाजी ग्यानबा हिंगोलीत आमच्या लग्नाच्या बँडात क्लारनेट वाजवायचे आणि मी मोठा ढोल. दाजींच्या कानाचं कौतुक काय सांगावं! एकदा ऐकलेली धून त्यांच्या हातून सुटायची नाही. याच कानाने १९३६ साली त्यांना पाच महिने छळलं, आणि त्यांनी आम्हाला.

झालं असं, की वसमतचा बँड दरसाल नव्या धुना वाजवू लागला आणि आमच्याकडे त्याच त्या आठ-दहा. कळमनुरीच्या एका लग्नात नवरदेवाच्या मामाने तोंडावरच सांगितलं, "हेच तुमी माह्या लग्नात बी वाजवलं व्हतं." दाजींना ते फार लागलं.

जुन्या छावणीत रतनसिंग नावाचा म्हातारा शीख राहायचा, पलटणीच्या बँडातून पेन्शनीत निघालेला. त्याच्याकडे धुनांच्या कागदांनी भरलेली पत्र्याची पेटी होती. कागदावर पाच-पाच आडव्या रेघा आणि त्यांवर काळे ठिपके. ठिपका कुठे बसलाय, त्यावरून सूर ओळखायचा. दिवाळी झाली की रतनसिंग कायमचा पंजाबात भावाकडे जाणार होता. दाजींनी पेटी मागितली, तर म्हणाला, "पढ़ना सीख ले, पेटी तेरी. नहीं तो भडभुंजे को दे दूँगा. पुड़िया तो बाँधेगा."

"त्यात काय!" दाजी म्हणाले. लग्नसराई संपली होती, पुढे पावसाळा मोकळाच. रोज दुपारी आम्ही छावणीत जाऊ लागलो. ढोल वाजवणाऱ्याचं तिथे काय काम, असं मी एकदा विचारलं. मला एकट्याला शिव्या खायला लावतो काय, असं उत्तर मिळालं.

रतनसिंगाचे दात पडले होते, त्यामुळे त्याला फुंकता येत नसे. तो आधी कागदावरची धून गुणगुणायचा, मग दाजी कागद समोर ठेवून वाजवायचे. पंधरा दिवसांत सात कागद झाले. दाजी छाती काढून चालू लागले. मग एका दुपारी म्हाताऱ्याने एक धून गुणगुणली आणि हळूच दुसराच कागद पुढे ठेवला. दाजींनी त्यावर नजर रोखून गुणगुणलेलीच धून झोकात वाजवली. मी मूर्खासारखी वाहवा केली.

"यह इसमें कहाँ लिखा है?" रतनसिंगाने कागद त्यांच्या नाकासमोर नाचवला.

दाजींचा चेहरा पडला. लबाडी मुळीच नव्हती. आपण वाचतोय असं त्यांना खरंच वाटत होतं. पण कान इतका तयार, की डोळ्यांना कामच उरत नव्हतं. त्या दिवसापासून गुणगुणणं बंद झालं आणि आमच्या घरची शांतताही.

दाजींनी अंगणात कोळशाने पाच रेघा ओढल्या आणि ठिपक्यांच्या जागी तुरीचे दाणे मांडले. एकेक दाणा बघून सूर काढायचा, अडायचं, डोक्यावर हात मारायचा. तेवढ्यात कोंबड्या आल्या. माझी बहीण पार्वती हसत हसत म्हणाली, "अवो, कोंबडीनं तुमचं गाणं खाल्लं!"

"काहून हासून राहिली? तुला काय कळतं त्यातलं?" दाजींनी वहाण भिरकावली. ती कोंबडीला लागली नाही, पाण्याचा माठ मात्र फुटला. पार्वती चार दिवस बोलली नाही.

पुढे तर पंचाईतच झाली. हिंगोलीजवळच्या गोरेगावला दसऱ्याच्या मिरवणुकीत दाजी मध्येच थांबले. वीस वर्षं वाजवलेली धून! माझा ढोल एकटाच ढमढम करत राहिला आणि लोक वळून बघू लागले. परतताना बैलगाडीत ते म्हणाले, "सुराच्या आधी ठिपका दिसून राहिला मला. नवं येईना, जुनं बी चाललं." मला त्यांचा राग आला होता, तो तिथेच विरला. हातची कला जाईल, या भीतीने माणूस रडकुंडीला आला होता.

दिवाळी चार दिवसांवर असताना ते छावणीत गेले आणि म्हणाले, "सरदारजी, द्या पेटी भडभुंज्याला. माह्यानं व्हत न्हाई."

रतनसिंगाने पेटी उघडली. तळातून शाईने लिहिलेला एक पिवळा कागद काढून त्याने समोर ठेवला. "यह बजा, फिर जा."

दाजी चिडूनच बसले. एक सूर. थांबले. दुसरा. चुकला, मागे गेले. कानात काहीच नव्हतं, त्यामुळे डोळे फाडून बघण्यावाचून गत्यंतर नव्हतं. इतकं भिकार वाजवताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. दोन ओळी झाल्या तशी त्यांनी क्लारनेट खाली ठेवलं. "बघा. लेकरू बी याच्यापरीस बरं वाजवील."

"यह धुन कहाँ सुनी थी तूने?"

"कुठंच न्हाई."

"मैंने भी नहीं," रतनसिंग म्हणाला. "बसरा की लड़ाई में हमारे बैंड के नौ आदमी मारे गए, तब मैंने लिखी. मुझसे बजाई नहीं गई. और किसी को दी नहीं."

दाजींनी क्लारनेट उचललं. मग त्यांनी पुन्हा पहिल्या ठिपक्यापासून सुरुवात केली, तशीच अडखळत. म्हाताऱ्याच्या दाढीवरून पाणी ओघळत होतं. तिसऱ्या ओळीत दाजी चुकले, आणि तो रडत रडतच खेकसला, "गलत! ऊपर की लकीर देख, गधे!"