सूर्यफुलांची टोपडी

टेलरबाईंचं माप चुकलं, हे तीस वर्षांत कुणाला सिद्ध करता आलेलं नव्हतं. शर्ट काखेत दाटतो अशी तक्रार घेऊन कुणी आलंच, तर बाई त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळायच्या आणि म्हणायच्या, "शर्ट तोच आहे हो. तुम्ही सुटलात." गिऱ्हाईक पोट आत ओढून, उलट आभार मानून घरी जायचं.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. खिडकीशी मशीन, खुंट्यांवर अर्धेमुर्धे शिवलेले कपडे आणि बाईंच्या गळ्यात मोजपट्टी. ती जेवतानासुद्धा निघायची नाही. मागच्या दारी त्यांचं दुसरं राज्य होतं. दहा पावलं लांब, सहा पावलं रुंद अशी परसबाग, आणि तिच्यात सूर्यफुलं. साधीसुधी नव्हेत. छपराच्या पन्हाळीला टेकणारी, परातीएवढ्या तोंडाची, पाकळ्यांच्या मुळाशी तांबडं कडं असलेली. हे बी सासूबाईंचं. जाताना त्यांनी ते पोटच्या लेकीला न देता सुनेच्या ओंजळीत घातलं होतं. दरवर्षी पेरायचं, नवं बी काढायचं, बटणांच्या रिकाम्या डब्यात राखायचं. तसलं फूल सासू-सून दोघींनी दुसऱ्या कुणाच्या दारात कधी पाहिलं नव्हतं.

ती पोटची लेक म्हणजे वन्सं. सगळी हयात इस्पितळात नर्स म्हणून काढून निवृत्त झालेल्या, आणि दोन वर्षांपासून भावजयीकडेच राहायला आलेल्या. बियाचा विषय त्या कधी काढत नसत. म्हणजे रोज एकदाच काढत.

गेल्या वर्षी पोपटांनी घात केला. सकाळी एक आला, चव बघून गेला आणि दुपारी सगळं गणगोत घेऊन आला. त्यांनी सांडलेलं चिमण्यांनी टिपलं, चिमण्यांच्या नजरेतून सुटलेलं खारीनं गालात कोंबलं. डब्यात जाऊन पडल्या त्या अकरा बिया. मोजून अकरा.

"आईचं बी," वन्सं एवढंच म्हणाल्या आणि गप्प बसल्या. त्यांचं बोलणं एक वेळ परवडायचं.

यंदा बाईंनी अकराच्या अकरा बिया लावल्या. सहा आधी, उरलेल्या पाच तीन आठवड्यांनी. मागे एकही ठेवली नाही. "रुजणारच," म्हणाल्या, आणि रुजल्याही. रोपं कमरेला आली, खांद्याला आली, डोक्यावरून गेली. पहिल्या कळ्यांनी तोंड उघडायला सुरुवात केली त्या सकाळी बाई मोजपट्टी घेऊन शिडीवर चढल्या.

"काय करतेस गं वहिनी?"

"माप घेतेय."

"फुलाचं?"

"मग काय, पोपटाचं घेऊ? बसेल तो उभा?"

दोन दिवसांत टोपडी तयार झाली. अस्तराचं घट्ट विणीचं कापड, तेही दुहेरी, गळ्याशी नाडी. प्रत्येक फुलाचं टोपडं वेगळं, कारण प्रत्येकाचा घेर वेगळा. कळी उमलू लागली की चढवायचं, नाडी आवळायची, दोन गाठी.

"अगं, श्वास तरी घेऊ दे त्यांना," वन्सं म्हणाल्या. "ऑपरेशनला निघाल्यासारखी दिसतायत."

"वन्सं, मुंगी शिरायची नाही यातून. माझी शिवण आहे."

मुंगी शिरली नाहीच. पोपट आला, टोपड्यावर बसला, चोच मारमारून कंटाळला आणि निघून गेला. खार देठावरून सरसर वर चढली, नाडीभोवती तीन गिरक्या घेऊन शेपूट आपटत इतकी चिडचिडली की बाई हसून हसून पायरीवर बसल्या. त्या खुशीत पुढच्या पाचांनाही कळी फुटताच टोपडी चढली.

"बाग मुकी झालीय पण," एका सकाळी वन्सं चहाचा कप घेऊन मागच्या दारात उभ्या राहिल्या. "एरवी या दिवसांत मधमाश्यांच्या गुणगुणीनं माझी झोप मोडायची. एक फुलपाखरू नाही की भुंगा नाही."

"मुकी नाही, शिस्तीत आलीय," बाई म्हणाल्या आणि मशीनवर जाऊन बसल्या. पण त्या दिवशी त्यांची टीप दोनदा वाकडी गेली.

दुपारी त्यांनी पहिल्या सहांतलं सगळ्यात थोरलं टोपडं सोडलं. पाकळ्या सुकून आत चोळामोळा झालेल्या. दाणे मात्र ओळीनं बसलेले, बघायला झकास. बाईंनी एक उपटला आणि अंगठ्याखाली दाबला. आयुष्यभर कापड चिमटीत धरून पोत सांगणारी ती बोटं. दाणा पापडासारखा चपटला. दुसरा दाबला, दहावा दाबला. सगळे पोचट. नुसती टरफलं, आत काही नाही. मग दुसऱ्या फुलाचं टोपडं सोडलं, तिसऱ्याचं. सहाही फुलांची तीच गत.

बाई शिडीवर तशाच उभ्या राहिल्या. एका फुलाचा पराग दुसऱ्या फुलावर नेणार कोण? माश्याच ना? मुंगीसुद्धा शिरणार नाही अशी शिवण घातली होती त्यांनी, आणि मधमाशी मुंगीहून मोठी असते.

राहिली होती ती मागून लावलेली पाच. नुकती अर्धी फुललेली. ती गेली की बियाचा वंशच संपला, डब्यात आता एक दाणा नव्हता.

बाई खाली उतरल्या. वन्सं कांदा चिरत होत्या.

"वन्सं." बाईंनी गळ्यातली मोजपट्टी काढून ओट्यावर ठेवली. "माप चुकलं माझं."

वन्संचा हात थांबला. तीस वर्षांत हे वाक्य या घरात उच्चारलं गेलं नव्हतं. बाईंनी ओंजळीतली टरफलं पुढे केली आणि सगळं सांगितलं. वन्संनी एक टरफल उचललं, वास घेतला, खाली ठेवलं. बाई टोमण्याची वाट बघत उभ्या होत्या.

"पाच जिवंत आहेत ना अजून?" वन्संनी पदराला हात पुसले. "मग रडतेस काय? कात्री घे. मी कापूस आणते."

गाठी सोडत बसायला बाईंना धीर नव्हता. स्वतःच्या हातची शिवण त्यांनी कराकरा कापली. वन्सं काड्यांना कापूस गुंडाळून जखम पुसावी तशा हलक्या हातानं या फुलाची पिवळी भुकटी त्या फुलावर टेकवत फिरल्या.

"जरा आतल्या बाजूला लावा," शिडीवरून बाई म्हणाल्या.

"मला शिकवू नकोस. चाळीस वर्षं मी कापूसच धरलाय."

तिसऱ्या दिवशी सकाळी वन्संची झोप मोडली. बाग गुणगुणत होती. फुलांवर मधमाश्या अशा लगटल्या होत्या की पिवळ्यावर काळी नक्षी हलतेय असं वाटावं. एक जाडा भुंगा परागात लोळून पार मळला होता. पानांवर लाल पाठीचे ठिपक्याठिपक्यांचे किडे रोपांना लागलेली मावा कीड खात फिरत होते, आणि पन्हाळीवर चिमण्यांची बैठक भरली होती.

पाकळ्या गळल्या, दाणे धरले, तेव्हा बाईंनी परत टोपडी शिवली. या वेळी जाळीच्या कापडाची. चार.

"पाचवं?" वन्संनी विचारलं.

"ते त्यांचं." बाईंनी पन्हाळीकडे मान उडवली. "त्यांच्यावाचून परसू ओकंबोकं दिसतं."

पोपटांनी पाचवं फूल दोन दिवसांत फस्त केलं. खारीला खालचं खरकटं मिळालं, आणि ती तेव्हाही चिडचिडलीच.

चार फुलं उतरवून दोघी पायरीवर बसल्या. प्रत्येक चकतीवर कडेच्या ओळी फिक्या, पोचट. मग एक गोल रेघ, आणि तिच्या आत काळेभोर, टच्च भरलेले दाणे. फूल कडेकडून आत फुलत जातं. त्या रेघेवरून बाईंनी बोट फिरवलं.

"इथं कात्री लागली बघा."

वन्संनी एक दाणा दाताखाली फोडला. डोळे मिटून चावला.

"आईचंच आहे," त्या म्हणाल्या.

बाईंनी दाण्यांचे दोन ढीग केले. एक बटणांच्या डब्यात भरला. दुसरा वन्संच्या मांडीवर ठेवला.

"हे तुमच्या औषधांच्या डब्यात राहू दे. सगळं माझ्या एकटीच्या हाती नको."

वन्संनी डबा आणून दाणे त्यात भरले. झाकण दोनदा लावून बघितलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात एक गृहस्थ शर्ट घेऊन आले. काखेत दाटत होता. बाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"शर्ट तोच आहे हो. तुम्ही सुटलात."

आतून वन्संचा खोकला ऐकू आला. लांबलचक, मुद्दाम काढलेला.

"बरं, द्या इकडे," बाई कात्रीकडे हात नेत म्हणाल्या. "बघते उसवून."