मागण्याची सेवा

आमच्या दारव्ह्याच्या ख्रिस्ती मंडळीत मदत करणारे पुष्कळ आहेत, पण मदत घ्यावी ती वणीवाल्या काकांनीच. इतक्या ऐटीत, इतक्या निगुतीनं आणि इतक्या स्वच्छ मनानं दुसऱ्याचं घेणारा माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात मी तरी दुसरा पाहिला नाही.

बायको वारल्यावर, वणीच्या कोळसा खाणीतून निवृत्त होऊन काका आमच्या गावी एका खोलीत राहायला आले. पहिल्याच रविवारी उपासनेच्या शेवटी पास्टरांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "कोणाला काही गरज असेल तर सांगा." हा प्रश्न आमच्याकडे दर रविवारी विचारला जातो आणि त्यावर सगळ्यांनी खाली बघायचं असतं. फार झालं तर कोणीतरी "प्रार्थनेत ठेवा" म्हणतं. काका मात्र सरळ उभे राहिले. "मले एक पलंग पायजे. खाली झोपलं का कंबर धरते. आन् कोनाच्या घरी संध्याकाळची भाजी जास्त होत असंल तं तेबी सांगा." पास्टर इतके गडबडले की त्यांनी घाईघाईनं शेवटचं गीत सांगितलं. पण पलंग आला. भाजीही सुरू झाली.

देण्याची हौस आमच्या मंडळीला मोठी. पंख्यांच्या पात्यांवर, खुर्च्यांच्या पाठींवर, पाण्याच्या माठाच्या झाकणावरसुद्धा देणाऱ्यांची नावं रंगवलेली आहेत. लाइट गेली की पंखे थांबतात आणि घाम पुसत सगळे ती वाचत बसतात. काका म्हणत, "देनारे एवढे जमा झाले, घेनारा कोनी पायजे का नाही? मी घेतलं नाही तं हे बिचारे देतीन कोनाले?" पास्टरांनी एकदा हळूच आठवण दिली की घेण्यापेक्षा देण्यातच धन्यता जास्त. काकांनी मान डोलावली. "जास्त हाय ना? मंग थोडी तं घेन्यातबी असंल. जास्त तुमी ठेवा, थोडी मले राहू द्या." मंडळीच्या खजिनदारांची स्कूटर ते बाजाराच्या दिवशी हक्कानं मागून नेत. खजिनदारांनी तोंड वाकडं केलं, तर त्यांना ऐकवलं, "प्रभूनं होडी मागून घेतली, गाढव मागून घेतलं, जेवायले खोली मागून घेतली. शेवटी कबर, तेबी दुसऱ्याची. मंग मी स्कूटर मागितली तं तुमी काहून फुगून राह्यले?" खजिनदारांनी किल्ली दिली. शास्त्रापुढे पेट्रोलचा विषय कोण काढणार?

मी भगिनी मंडळाची प्रमुख, म्हणून काकांचा मंगळवारचा डबा माझ्याकडे. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करू नये, निदान चिमूटभर साखर तरी घालावी, ही आपली रीत. काका डबा लखलखीत घासून, पण ठणठणीत रिकामा परत आणत आणि वर सांगत, "मॅडम, आज वांग्यात तुमचं मन नव्हतं." मी घरात येऊन सरांपुढे, म्हणजे माझ्या यजमानांपुढे, चरफडायची, "या माणसाला लाज म्हणून नाही!" सर हसत. आम्ही दोघंही शाळेतून निवृत्त झालेलो. आजवर कोणाचं एक वाटीभर पीठही उसनं आणलेलं नव्हतं, आणि याचा मला, आता सांगायला हरकत नाही, बराच अभिमान होता.

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या शेवटी सरांना लकवा मारला. डावी बाजू गेली. यवतमाळच्या दवाखान्यातून त्यांना घरी आणलं. मुलगा पुण्याहून आला, सुट्टी संपली तसा परत गेला. भेटायला येणाऱ्यांनी घर भरलं. मंडळीतल्या एका बंधूंनी डोळे मिटून लांबलचक प्रार्थना केली, तीत देवाला सरांचा रक्तदाब कळवला आणि मला फोडणीत तेल कमी टाकण्याची सुबुद्धी मागितली. जाताना प्रत्येक जण म्हणे, "काही लागलं तर सांगा." मी म्हणे, "काही नको, फक्त प्रार्थना करा." हे मी इतक्या गोड आवाजात म्हणायची की लोकांना ते खरंच वाटायचं.

एका दुपारी सरांना न्हाणीघराकडे नेताना त्यांचा गुडघा वाकला आणि आम्ही दोघंही खाली बसलो. त्यांना उठता येईना, मला उचलता येईना. दार सताड उघडं, बाहेर गल्लीत माणसांचे आवाज. सर म्हणाले, "हाक मार ना कोणाला तरी." मी म्हणाले, "थांबा, जमेल." जमत नव्हतं. तरी मी हाक मारली नाही. तेवढ्यात दारात वणीवाले काका उभे. सरांच्या आजारपणातही मी त्यांचा डबा चुकवला नव्हता, तोच परत द्यायला आले होते. त्यांनी आम्हाला पाहिलं, डबा खाली ठेवला आणि आत येण्याऐवजी मागे वळून गल्लीत ओरडले, "अरे, या रे कोनी! मॅडमले मदत पायजे!"

धरणी दुभंगेल तर बरं, असं मला झालं. समोरचा किराणावाला तराजू सोडून धावला. शेजारच्या बौद्ध कुटुंबातली सून कणकेच्या हातांनीच आली. सगळ्यांनी मिळून सरांना अलगद पलंगावर निजवलं. ती सून म्हणाली, "भिंतीले भिंत लागून हाय मॅडम, एक हाक नाही मारता आली?"

सगळे गेल्यावर मी काकांवर उखडले. "अख्ख्या गल्लीला कशाला सांगितलंत?"

काका स्टुलावर बसले. "प्रभू शिष्यायचे पाय धुवायले बसला, तवा पेत्रबी नाही म्हने. धुवू देत नसशील तं तू माझा नाही, असं प्रभूनं त्याले सुनावलं; रविवारच्या शाळेत पोरायले तुमीच शिकवता ना हे?" मग आवाज खाली आला. "मले का मजा येते मागाले? बायको गेली तवा मी वणीले दार लावून बसलो होतो. कोनी विचारलं का म्हनो, सब ठीक हाय. तापानं फणफणलो, तरी सब ठीक हाय. खानीतल्या पोरायनं दार तोडून बाहेर काढलं मले. तवापासून लाज वाटली का लगेच मागून घेतो. तिले वाढू देत नाही."

मला रडू फुटलं. काकांनी मला पोटभर रडू दिलं आणि मग विचारलं, "भाजी काय हाय आज?"

पुढच्या रविवारी पास्टरांनी तो प्रश्न विचारला तेव्हा काका उभे राहिले, माझ्याकडे वळले आणि मी उठेपर्यंत बसलेच नाहीत. "आम्हाला मदत हवी आहे," एवढंच म्हणून मी झटकन खाली बसले. पण डबे आले. तरुण संघाची मुलं पाळीपाळीनं सरांचा व्यायाम करून घ्यायला येऊ लागली. डब्यांची तपासणी काकांनी स्वतःकडे घेतली आणि ती ते आमच्याच ताटाला ताट लावून करत. मग एका रविवारी चक्क खजिनदार उठले आणि म्हणाले, "घरी कोणी बोलायला नसतं. संध्याकाळी कोणी येत जा." कोणी खाली बघितलं नाही.

या हिवाळ्यात काकांची लेक त्यांना चंद्रपूरला घेऊन गेली. स्टँडवर पोचवायला आम्ही बरेच जण होतो. सर तोवर काठी घेऊन चालू लागले होते, पण आम्ही सगळे त्यांना पाण्याचा पेलाही उचलू देत नव्हतो. काकांनी ट्रंक एकाकडे दिली, वळकटी दुसऱ्याकडे, आणि एक कापडी पिशवी सरांपुढे धरली. "सर, हे तुमी घ्या. मले जमून नाही राह्यलं."

मी घ्यायला पुढे झाले, तर काकांनी डोळे वटारले. पिशवी त्यांनी सरांच्या डाव्या हाताच्या बोटांत अडकवली. सर हळूहळू, जपून, बसपर्यंत चालत गेले आणि तोवर आत जाऊन बसलेल्या काकांना त्यांनी ती खिडकीतून दिली.

"लय उपकार झाले, सर," काका म्हणाले.

बस यवतमाळच्या रस्त्याला लागली. बाकीचे पांगले. सर आपला डावा हात उघडत-मिटत तिथेच उभे होते. "जायचं ना घरी?" मी विचारलं.

"थांब जरा," ते म्हणाले.